उजवीकडची शाई

मांडीवरचा डबा खाली ठेवायला विमलबाई काही तयार होईनात. रामनगरहून सुटलेली जोयड्याची गाडी जगलबेटच्या पुढच्या वळणांवर अंग टाकत चालली होती, उभे असलेले लोक बसलेल्यांच्या खांद्यांवर येत होते, आणि कंडक्टर दोनदा कानडीत सांगून गेला होता की बाई, सीटखाली सरकवा तो डबा, कुणाच्या तरी पायावर पडेल. विमलबाई मान हलवायच्या आणि डब्याची कडी आणखी घट्ट धरायच्या. शेवटी शेजारी कोंबडीच्या पिलांची टोपली घेऊन बसलेल्या बाईला राहवलं नाही.

"लोणचं हाय व्हय?"

"व्हय," विमलबाई म्हणाल्या.

"तेल गळतंय जणू. म्हणून धरून बसलाय."

"व्हय."

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण खरं सांगितलं असतं तर ती बाई पिलांसकट भर जंगलात उतरली असती. डब्यात दिग्गी गावचा येसाजी होता. सगळा नव्हे, त्याच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग, मलमलीच्या तीन थरांत गुंडाळलेला, आठ दिवस नळाखाली ठेवून औषधाचा वास जमेल तेवढा घालवलेला. येसाजीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

विमलबाई बेळगावच्या एका मेडिकल कॉलेजात टेक्निशियन होत्या. माणसाच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, यंत्राच्या पात्यावर त्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, काप कोमट पाण्यावर तरंगवून ब्रशने काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर ट्रे ठेवून निमूट परत यायचं, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. तेहतीस वर्षं रामनगरहून सकाळची सहाची गाडी आणि संध्याकाळी मिळेल ती परतीची. त्यातली किती वर्षं नुसत्या लोंढा ते खानापूर रस्त्यावरच्या धक्क्यांत गेली ते देव जाणे. काचांना लावायच्या चांदीच्या औषधाने उजव्या हाताची दोन बोटं टोकाला कायमची काळी पडली होती. त्यांचे यजमान बाबुराव म्हणायचे की हिने जन्मभर लोकांची डोकी कापली आणि घरी येऊन माझं खाल्लं. बाई हसायच्या. अलीकडे मात्र हसायचाही कंटाळा येई. थकवा असा मुरला होता की रविवारच्या झोपेने तो उतरत नव्हता. आज रविवारच होता, आणि निवृत्तीला सोळा दिवस राहिले होते.

येसाजी त्यांच्याच तालुक्यातला, म्हणून त्याची गाठ पडली. चालताना तोल जातो, बोलताना शब्द सापडत नाही, अशा आजाराने तो कॉलेजच्या इस्पितळात आला आणि दोन महिन्यांत गेला. तेव्हा तिथे मेंदूतल्या तारांचं एक संशोधन नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टरांना येसाजीचा मेंदू अभ्यासाला हवा होता, पण त्याच्या बायकोला, बाळीला, ते समजावणार कोण? डॉक्टर बोलायचे ते पुस्तकी कानडी, निम्मं इंग्रजी. मग तळमजल्यावरून विमलबाईंना बोलावून घेतलं.

विमलबाई बाकावर बाळीच्या शेजारी बसल्या आणि आपल्याला जेवढं कळलं होतं तेवढं त्यांनी सांगितलं. मेंदूत बारीक तारा असतात. त्या अशा दिसत नाहीत, पण तारेच्या कडेकडेने पाणी सरकतं, आणि मोठ्या मशीनला त्या पाण्याची चाल कळते. पाणी कुठे सरकतंय ते बघून पाट कुठून गेला असेल हे बांधावर उभं राहून ओळखावं, तसा कॉम्प्युटर तारांचा नकाशा काढतो. पण तो नकाशा खरा की नुसता अंदाज, हे कुणीतरी उकरून बघायला हवं. ते उकरून बघणं हे आपलं काम. काप काढायचा, काचेवर घ्यायचा, आणि तार खरंच तिकडूनच गेलीय का ते मायक्रोस्कोपने बघायचं. नकाशा खरा ठरला, तर पुढे दुसऱ्या कुणाचं डोकं न उघडता आतला आजार कळेल.

बाळीने सगळं ऐकून घेतलं. मग पदराचं टोक दुमडलं.

"अर्धं घ्या," ती म्हणाली. "अर्धं मला परत पायजे. उजवं. उजव्या हातानं घर चालवलं त्यानं."

उजव्या हाताचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो हे विमलबाईंना माहीत होतं. पण नवरा जाऊन एक तास झालेल्या बाईला ते कुठे सांगायचं? "दोन महिन्यांत मी सोता आणून दीन," एवढंच त्या बोलल्या, आणि बाळीने कागदावर अंगठा उठवला.

दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. यंत्र बिघडलं, मंजुरी अडकली, डॉक्टर बदलले. वर्षातून एकदा, पितृपक्षातला म्हाळ झाला की, बाळी जोयड्याला येऊन कुणाच्या तरी फोनवरून बोलायची. रागवायची नाही. फक्त सांगायची की यंदाही त्याचं पान अंगणातच वाढलं. त्यांच्या घरातली रीत अशी, की माणसाचं काही यायचं बाकी असेल तर ते अग्नीला गेल्याशिवाय त्याला पितरांत मिळवायचं नाही, आणि जो मिळाला नाही त्याचं पान उंबऱ्याच्या आत वाढायचं नाही. तीन म्हाळ येसाजी स्वतःच्या घराच्या अंगणात जेवला होता. भाद्रपदातली सर आली की पानावरचा भात वाहून जायचा, आणि बाळी धावत जाऊन पानावर सूप धरायची. चौथा म्हाळ आता चार दिवसांवर होता.

एवढंच असतं तर विमलबाई डबा घेऊन केव्हाच आल्या असत्या. पण गेल्या महिन्यात एक लफडं उपटलं.

मेंदूच्या डाव्या भागात खोलवरून विमलबाईंनी साबणाच्या लहान वडीएवढा चौकोनी तुकडा काढला होता आणि त्याचे चारशे बारा काप काचांवर घेतले होते. अशा तुकड्याला शेंडा ना बुडखा. उजवं कुठलं आणि डावं कुठलं हे कळायला एकच खूण, तुकडा काढताना उजव्या कडेला पात्याने मारलेली खाच. काचा मायक्रोस्कोपखाली गेल्या, तारांच्या दिशा मोजल्या गेल्या, आणि कॉम्प्युटरच्या नकाशाशी ताडून बघितल्यावर सगळं उलटं निघालं. आरशात बघावं तसं. नकाशातली तार उजवीकडे कलायची तिथे काचेवरची डावीकडे. म्हणजे दोघांपैकी कुणीतरी उजव्याचं डावं केलं होतं. एक तर मशीनला दिशा सांगणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याने, नाहीतर विमलबाईंच्या खाचेने.

तक्ता डॉक्टर प्रज्योत यांनी बसवला होता. प्रज्योत सर तरुण, हुशार आणि मुळात सज्जन माणूस. आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग विचारलं की मेंदू बादलीतून काढला तेव्हा तो उलटा होता ना? होताच. तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून औषधाच्या बादलीत मेंदू दोऱ्याने उलटा टांगून ठेवतात, हे विमलबाईंनीच त्यांना पहिल्या दिवशी दाखवलं होतं. मग उलट्याचा सुलटा करताना बाजूंची अदलाबदल झाली असेल, सर म्हणाले. माणूस आहे, होतं.

"दोष कुणाचा हा प्रश्नच नाही, बाई. पण कारण लेखी लागेल. नाहीतर एक उपाय आहे. तो उजवा भाग अजून आहे आपल्याकडे. तो कापून बघू, म्हणजे सगळं स्वच्छ होईल."

"तो परत द्यायचाय, सर. कबूल केलंय."

"देऊ ना. उरेल ते देऊ."

कापल्यावर काय उरतं ते त्या कॉलेजात विमलबाईंइतकं कुणाला माहीत होतं?

त्यांना स्वतःची खात्री देता येत नव्हती, हे खरं दुखणं. ज्या सकाळी तो मेंदू कापला त्याच्या आदल्याच दिवशी बाबुरावांना हृदयाच्या झटक्यातून उठवून घरी आणलं होतं. बाई डोळ्याला डोळा न लागता सहाच्या गाडीत बसल्या होत्या. त्या सकाळचं त्यांना आठवायचं ते एवढंच, की नळ गळत होता आणि हातमोजे एक नंबर मोठे होते. खाच कुठे मारली? उजवीकडे. मारलीच असणार. तेहतीस वर्षांत दुसरीकडे कधी मारली नव्हती. पण 'असणार' हा शब्द एकदा मनात शिरला की हुसकून लावणं कठीण जातं.

एक साक्षीदार मात्र होता. मेंदू सुलटा करून टेबलावर घेतला की पातं लावण्याआधी त्याच्या उजव्या अंगावर काळ्या शाईची एक लांब रेघ ओढायची, ही विमलबाईंची स्वतःची सवय. ती कुठल्या नियमात नव्हती, कुठल्या रजिस्टरात नव्हती. त्या रेघेकडे बघूनच त्या पुढच्या सगळ्या खाचा मारायच्या. लहान तुकड्याचं कळलं नाही तरी अख्ख्या अर्ध्या भागाचं उजवं-डावं त्याच्या घडणीवरूनच कळतं. मलमलीत गुंडाळून ठेवलेल्या उजव्या भागावर ती रेघ असेल, तर खाच बरोबर आणि तक्ता चुकीचा. नसेल, तर त्या सकाळी बाईंनी ती डाव्या भागावर ओढली होती. आणि डावा भाग काचांवर आणि निरनिराळ्या प्रयोगांत केव्हाच संपून गेला होता. फडकं सोडलं की निकाल.

त्यांनी फडकं सोडलं नाही. धुतानाही फडक्यासकटच धुतलं. सोडलं असतं आणि रेघ निघाली असती, तर सर म्हणाले असते की शाई काय, आजही लावता येते, चला, कापूनच बघू. एकदा उघडलेला नमुना पात्याखाली गेल्याशिवाय राहत नाही, हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. हे झालं एक कारण. दुसरं त्या कुणाला सांगत नव्हत्या. रेघ नसलीच तर? शेवटच्या चार आठवड्यांत तेहतीस वर्षांची माती झालेली बघायची त्यांना भीती वाटली, खरोखर भीती वाटली.

म्हणून त्यांनी सरांकडून कागद मागून घेतला. 'खूण करताना तंत्रज्ञाकडून बाजूंची अदलाबदल झाली' या ओळीखाली सही केली. कारण सापडलं, तेव्हा उजवा भाग अडवून ठेवायला निमित्त उरलं नाही. काचांची चित्रं कॉम्प्युटरात उलटी करून घेतली की ती नकाशाशी जुळणार होती. बाई चुकल्या असतील तर उत्तमच. चुकल्या नसतील, तर एका चुकीच्या नकाशावर खरेपणाचा शिक्का बसणार होता आणि तोही त्यांच्या सहीने. सरांनी परतीचा कागद त्याच दिवशी करून दिला आणि निरोप समारंभाला गोड काय ठेवायचं ते विचारलं.

काल संध्याकाळी त्या डबा घेऊन घरी आल्या तेव्हा बाबुरावांनी तो स्वयंपाकघरात नेऊ दिला नाही. पडवीत पाटावर ठेवला आणि का कोण जाणे, जवळ एक दिवा लावून ठेवला. सहीचं ऐकून मात्र ते भडकले.

"तेहतीस वर्षं गाडी धरलीस आणि उतरायच्या टायमाला खोटी सही करून आलीस?"

"खोटी हाय का खरी, तेच कळंना झालंय मला," विमलबाई म्हणाल्या. त्यावर बाबुरावांनी नुसताच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

जोयड्याच्या स्टँडवर येसाजीचा धाकटा भाऊ महाबळेश्वर जीप घेऊन उभा होता. त्याने डबा घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"तुमीच धरा," तो म्हणाला. "मला न्हाई जमायचं."

कुंभारवाड्याच्या पुढे रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडून रान अंगावर आलं, तेव्हा त्याने चाचरत विचारलं की वास वगैरे येईल का. धुतलंय, आठ दिवस धुतलंय, विमलबाईंनी सांगितलं. त्याने मान डोलावली. मग आपणहून बोलू लागला. वहिनी दर उन्हाळ्यात वाळकी लाकडं माळ्यावर चढवून ठेवते, दादाची म्हणून. तीन वर्षं झाली. यंदा येईल म्हणते, पाऊस सरतो, आणि दिवाळीला ती लाकडं चुलीत जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवी. विमलबाई बाहेर बघत राहिल्या. दोन महिने हा शब्द त्यांचा होता.

बाळी अंगणातच उभी होती. आठवणीतल्यापेक्षा ती लहान झाली होती, आणि तिचे केस पुरते पिकले होते. एवढा उशीर का झाला हे तिने विचारलं नाही. विमलबाईंच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, कॉलेजातली माणसं बरी आहेत ना म्हणून चौकशी केली. मग अंगणाच्या कडेला, जिथे तीन वर्षं येसाजीचं पान वाढलं होतं, तिथे केळीचं पान अंथरून ती समोर बसली.

"सोड," ती म्हणाली.

विमलबाईंनी समजावून बघितलं. रंग पालटलेला असतो, बघायला बरं वाटत नाही, फडक्यासकट अग्नी दिला तरी चालतो. महाबळेश्वराने त्यांची री ओढली आणि लाकडं न्यायचं निमित्त करून तो ओढ्याकडे निघूनही गेला. बाळी हलली नाही.

"कोण हाय ते न बघता कसं जाळायचं, बाय?"

विमलबाईंनी डब्याची कडी काढली. इतके दिवस जे टाळलं ते आता या अंगणात, या बाईसमोर व्हायचं होतं. पहिला थर सुटला. दुसरा सुटला. तिसरा ओला आणि चिकटलेला होता. तो त्यांनी न ओढता, पाण्याचे थेंब सोडत सोडत सोडवला. हात आपलं काम करत होते. भाग पानावर आला तो कापलेली सपाट बाजू वर करून. फिकट पिवळट, घट्ट झालेला. बाळी वाकली. ती रडेल असं विमलबाईंना वाटलं होतं. तिने एक बोट त्या सपाट बाजूच्या कडेवरून हळूच फिरवलं.

"एकाच सुरीत कापलंय," ती म्हणाली.

"व्हय, अक्का. मधी थांबलं तर वण पडतो."

"कुणी कापलं?"

"मीच."

बाळीने हुंकार दिला. मग दोन्ही हातांच्या ओंजळीत तो भाग उचलला आणि विमलबाई थांबा म्हणायच्या आत उलटा करून पानावर ठेवला.

रेघ होती. वळ्यावळ्यांवरून पुढून मागे गेलेली, तीन वर्षांत जराशी फिकी पडलेली, मध्ये एका ठिकाणी किंचित जाड झालेली काळी रेघ. विमलबाईंनी ती आपल्या अक्षरासारखी ओळखली. त्या सकाळी, न झोपलेल्या डोळ्यांनी, मोठ्या हातमोज्यांतून त्यांनी ती ओढली होती, आणि उजवीकडेच ओढली होती. त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली, कारण ते येसाजीसाठी भरले नव्हते.

"हे काळं काय?" बाळीने विचारलं.

"खूण हाय. उजवं म्हणून."

"मी उजवं मागितलं हुतं म्हणून?"

खूण सवयीची होती. बाळीच्या मागण्याशी तिचा काही संबंध नव्हता, हे सांगता आलं असतं. विमलबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"ध्यानात ठिवलंस."

विमलबाईंचा हात पिशवीतल्या मोबाईलकडे गेला. एकच फोटो. तो सरांच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा. मोबाईल बाहेर आलाही. बाळीने तो बघितला, पदर सारखा केला आणि ती पानापासून जरा बाजूला सरकली, म्हणजे काढायचा तर काढ. तिचं ते सरकणं विमलबाईंना सोसलं नाही. तीन वर्षं येसाजीला सगळ्यांनी बघून घेतलं होतं, मशीनने, कॉम्प्युटरने, भिंगांनी, लांबलांबून आलेल्या पाहुण्यांनी. आज पहिल्यांदा त्याची बायको बघत होती. त्यांनी मोबाईल पिशवीच्या तळाशी टाकला आणि बाळीला परत जवळ बसायला सांगितलं.

मात्र उद्या कॉलेजात जायचं ते काय सांगायला, हे त्यांचं तिथेच ठरलं. सरांना सांगायचं की ती सही मागे घेते, खाच बरोबर आहे, तुमचा तक्ता तपासा. कशावरून, असं ते विचारतील. पुरावा जळाला, म्हणावं लागेल. ऐकतील किंवा न ऐकतील. न ऐकले तर कारणाच्या रकान्यात विमलबाईंचं नाव राहील आणि महिनाअखेरीला शाल मिळेल. तरी सांगायचं. पुढे कधीतरी कुणा माणसाच्या डोक्याला त्या नकाशाच्या भरवशावर हात लावला जाणार होता.

मसणवटीत बायका जात नाहीत, याची महाबळेश्वराने परत आल्यावर आठवण करून दिली. बाळीने पानाच्या कडा दुमडल्या, पान उचललं आणि ती चालू लागली.

"त्या दिशी घरात बसवलं मला," ती म्हणाली. "आज न्हाई बसायची."

ओढ्याच्या काठी लाकडं चांगली वाळकी होती. उन्हाळाभर जपलेली लाकडं. फुरफुरत पेटली. महाबळेश्वराने पाठ फिरवून अग्नी दिला, पण नंतर तोही वळून बघत राहिला. तासाभरात सगळं बसलं. शाई कुठली आणि कोळसा कुठला हे आता कुणी सांगू शकलं नसतं. विमलबाईंनी बराच वेळ बघितलं, आणि मनाला कुठे चुटपुट लागते का ते चाचपून पाहिलं. थोडी लागली. मग तिघांनी ओढ्यावर अंघोळी केल्या, आणि बाळीने आपलं एक धुवट लुगडं विमलबाईंना नेसायला दिलं.

घरी आल्यावर महाबळेश्वराने देवाच्या कोपऱ्यात नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. शेजारपाजारचे तीन-चार जण मागे उभे राहून दर वाक्याला 'व्हय' म्हणत होते. त्याने जुन्याजाणत्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. येसाजी तीन वर्षं अंगणात होता, त्याला आज आत आणलाय, असं सांगितलं. त्याला आपल्यात बसवून घ्या, आमचं काय उणं राहिलं असेल तर पदरात घ्या.

"उजवं म्हणून सांग," बाळी मागून म्हणाली.

महाबळेश्वर अडखळला.

"मी उजवं मागितलं हुतं. ह्या बायनं खूण करून ठिवली आणि उजवंच आणून दिलं. चुकली न्हाई. तसं सांग त्यांना."

महाबळेश्वराने मान खाली घालून ते जसंच्या तसं सांगितलं. मागून चौघे म्हणाले, व्हय. विमलबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मग पानं मांडली. उंबऱ्याच्या आत, देवाच्या भिंतीशी येसाजीचं पान, त्याच्या शेजारी विमलबाईंचं. बाळीने आधी त्याला वाढलं, मग त्यांना, मग बाकीच्यांना. विमलबाईंनी काळ्या पडलेल्या बोटांनी भात कालवला. सकाळपासून पोटात गुळाच्या खड्याशिवाय काही नव्हतं, हे पहिल्या घासाला त्यांच्या लक्षात आलं.

जेवणं अर्ध्यावर आली असताना बाहेर पावसाची जोराची सर आली. बाळी हातातली पळी टाकून उठली, भिंतीवरचं सूप ओढून धावत उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली. अंगणात काही नव्हतं. मग सूप जागेवर लावून तिने पुन्हा पळी घेतली आणि येसाजीच्या पानावर आणखी थोडा भात वाढला.